दानेश्वरीनं आणलेला सकर मासा

अफजलपुरात दानेश्वरीचं शिलाईचं दुकान होतं. तिथल्या काचेच्या टाकीतले गोल्डफिश बघत बायका काम झाल्यावरही रेंगाळायच्या. मग तिची धाकटी जाऊ सौम्या हिनं आपल्या घरी मोठी टाकी मांडली. तिनं वाळूत झाडं लावली, हीटरनं पाणी कोमट ठेवलं, छोटे टेट्रा मासे सोडले आणि शेवटी ताटलीसारखे गोल, निळे-केशरी डिस्कस मासे आणले. बायकांची पावलं तिकडं वळली आणि दानेश्वरीच्या पोटात दुखू लागलं.

एका दुपारी ती पाणी भरलेल्या पिशवीत सकर मासा घेऊन जावेकडं गेली. काचेवरचं शेवाळ खाणारा हा मासा डिस्कसच्या अंगाला चिकटून त्याची कातडी खरवडतो, हे तिला ठाऊक होतं. सौम्याला ते ठाऊक नव्हतं.

"अक्का, माझ्यासाठी आणलाव?" सौम्या हरखली. "तुमीच सोडा. तुमची टाकी बघूनच मला हे वेड लागलंय."

दानेश्वरीनं पिशवीची गाठ सोडली आणि हात पाण्यावर नेला. पानांआडून डिस्कस पुढं आले आणि खायला मिळेल म्हणून तिच्या बोटांखाली तोंडं उघडू लागले. तिनं गाठ पुन्हा बांधली.

"ह्यो तुझ्या माशांना खरवडंल. परत नेते."

"मग आणलाव कामून?"

दानेश्वरी पिशवी घेऊन दाराकडं वळली. सौम्यानं तिच्याकडं नीट बघितलं, पण पुन्हा विचारलं नाही.

संध्याकाळी दुकानात एक बाई म्हणाली, "सौम्याचे मासे बघितलाव का? काय रंग हायेत!"

"बघितले की," दानेश्वरी म्हणाली आणि मशीन जोरात चालवू लागली.