वाकड्या पापडांचा निकाल

बेबीमावशी हसायची तेव्हा तिच्या तोंडावरची रेघसुद्धा हलत नसे. हातातला पापड मात्र वाकडा होई. टीव्हीपुढे बसलेली अख्खी खोली पोट धरून लोळत असली, तरी मावशी पोळपाटापुढे मांडी ठोकून बसलेली, चेहरा तहसील कचेरीत सातबाऱ्याच्या रांगेत उभं असल्यासारखा. पण लाटणं जरासं अडखळे, पापडाला एका बाजूनं शेपूट फुटे, आणि शेजारच्या शांताकाकू ओरडत, "हासली वं, हासली!" मावशी तो पापड निमूटपणे वेगळ्या सुपात टाकी आणि पुढची लाटी घेई.

जानेफळात तिचं घर आमच्या घराला लागून होतं. माझ्या आईची मैत्रीण म्हणून ती माझी मावशी. सत्तरी ओलांडलेल्या बाईचं नाव बेबी कसं, असं बाहेरगावचे पाहुणे विचारत. सहा भावांच्या पाठीवर झालेली मुलगी. चांगलंसं नाव सावकाश ठेवू म्हणता म्हणता लग्नपत्रिका छापायची वेळ आली आणि पत्रिकेवरही तेच छापलं गेलं. पुढे नातवंडं शाळेत आजीचं नाव बेबी असं लिहीत आणि गुरुजी ते खोडून पुन्हा विचारत.

उन्हाळा लागला की मावशीच्या माजघरात उडदाचे पापड सुरू होत. चार पोळपाट असत: मावशीचा, शांताकाकूंचा, माझ्या आईचा आणि मावशीची सून मंदावहिनी हिचा. समोर टीव्ही. रात्रीचे विनोदी कार्यक्रम दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दाखवतात, ते नेमके पापडांच्या वेळेला पडत. कार्यक्रम संपला की मंदावहिनी सासूच्या सुपातले वाकडे पापड मोजी आणि निकाल गल्लीत जाहीर होई. 'दोन वाकड्यांचा' म्हणजे जेवता जेवता पाहायला हरकत नाही. 'पाच वाकड्यांचा' म्हणजे भाजी करपली तरी चालेल, पण उठू नये. 'सगळे गोल' म्हणजे तेवढ्या वेळात दळण आणावं. एखादा नवा कार्यक्रम सुरू झाला की चहाच्या टपरीवरचे बापेसुद्धा मावशीच्या मुलाला गाठून विचारत, "काय म्हन्ते बे तुह्या मायचं सूप?" पावसाळ्यात नवा कार्यक्रम लागला तर मात्र पंचाईत, कारण पापड बंद. "मिरगापासून निकाल नाई. आपापल्या जबाबदारीवर पाहा," असं मावशी सांगे, आणि लोक खरोखरच बिचकत बिचकत पाहत.

मी एकदा तिला विचारलं, "मावशी, तू तोंडानं काऊन हासत नाई?"

"तोंडाचं काय खरं हाय, गजू?" ती म्हणाली. "सासरी आल्यापासून खोटं हासून राह्यलं हे तोंड. व्याह्याच्या जोकवर हासा, सरपंचाच्या जोकवर हासा. लाटनं खोटं बोलत नाई."

तिची मतं पक्की असत. साडी नेसून येणाऱ्या पुरुषांवर तिनं कधी एक पापड वाया घालवला नाही. "निऱ्या पाह्य कुठी खोसल्या मेल्यानं! मी हासू का त्याचा पदर सांभाळू?" कार्यक्रमात मागून हास्याचा गडगडाट ऐकू आला की ती विचारी, "हे कोन लोक हाय? याइच्या घरी कामं नाई का?" खुर्चीत बसून हसता हसता खाली घसरणारी परीक्षक बाई दिसली की तिला कणव येई. "तिले हासाची नोकरी लागली व माय. घरी जाऊन रडत असन बिचारी." भुतांच्या एका नव्या मालिकेला अर्धा वाकडा मिळाला होता. भूत भिंतीतून आलं, पण चपला दाराबाहेर काढून आलं, तेवढ्यापुरतं लाटणं डगमगलं. मग मावशीनं पापड सावरून घेतला.

आणि सगळ्यांत मोठा घोटाळा म्हणजे एका रडक्या मालिकेला तिनं सात वाकडे दिले. नायिकेची स्मृती तिसऱ्यांदा गेली होती आणि ती स्वतःच्याच लग्नाच्या मांडवात उभी राहून विचारत होती, हे लग्न कुणाचं? माझी आई पदरानं डोळे पुसत होती आणि शेजारी मावशीचे पापड एकामागून एक शेपट्या काढत होते. दोघी मैत्रिणी पुढचे दोन दिवस बोलल्या नाहीत.

वाकड्याच्याही वरचा मान म्हणजे 'फाटका'. मी गावात होतो तोवर तो एकदाच दिला गेला. कचेरीवरचा एक नवा कार्यक्रम होता. शिपाई साहेबाला घाबरून टेबलाखाली लपतो आणि साहेब नेमका त्याच टेबलावर डबा उघडून बसतो. थोड्या वेळानं खालून शिपायाचा हात हळूच वर येतो आणि चटणी चाचपू लागतो. मावशीचा पापड मधोमध टरकला, आणि त्याच क्षणी लाइट गेली. आली तेव्हा कार्यक्रम संपला होता. मी म्हटलं, मोबाइलवर दाखवतो. "शिळं हासू नाई पाह्यजे मले," असं म्हणून तिनं तोंड फिरवलं. त्यानंतर कित्येक महिने ती गावातल्या लाइनमनशी बोलत नव्हती.

वाळलेल्या पापडांचीही तिची एक रीत होती. गोल पापड लेकीबाळींकडे, पाहुण्यांकडे, बाहेरगावी जात. वाकडे घरात राहत. "पाहुन्याइले गोल द्याव. वाकडं घरच्याइसाठी." वर्षभर जेवताना ती वाकडा पापड भाजून पानात वाढी आणि सांगे, "हा नवरदेव घोड्यावरून पडला त्याचा. हा त्या कवळीवाल्या म्हाताऱ्याचा." कुठल्या विनोदाचा कुठला पापड हे तिच्या पक्कं ध्यानात असे, आणि घरचे तो विनोद आठवत आठवत पापड मोडत.

पुढे मी मुंबईला जाऊन विनोदी कार्यक्रम लिहू लागलो. त्या माजघरात मी टीव्ही कमी आणि मावशीचं लाटणं जास्त पाहिलं होतं, त्याचाच हा परिणाम. तुला काय मिळवायचंय, असं तिथे लोक एकमेकांना फार विचारतात. मला माझ्या नावावर एक वाकडा पापड मिळवायचा होता. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण असं बोलणाऱ्या माणसाला तिकडे डॉक्टरकडे नेतात.

माझ्या पहिल्या कार्यक्रमाचा पहिला भाग ऐन एप्रिलात लागला. सोसायटीतली मंडळी गच्चीवर जमतात आणि एकमेकांना टोमणे मारतात, असा तो होता. दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन आला, "गजू, पंधरा वाकडे!" मी कचेरीत पेढे वाटले. कशाचे पेढे, हे सांगता येईना, म्हणून बायकोच्या भावाला मुलगा झाला असं ठोकून दिलं. त्याचं तेव्हा लग्नही झालेलं नव्हतं.

संध्याकाळी मंदावहिनीचा फोन आला आणि खरा प्रकार कळला. घरचं पोरगं आहे, त्याचं मन मोडू नये, म्हणून तिनं, शांताकाकूंनी आणि माझ्या आईनं आधीच संगनमत केलं होतं. तिघींनी मुद्दाम वाकडे पापड लाटून मावशीच्या सुपात सरकवले. मावशीनं ते एकेक उचलून खिडकीच्या उजेडात धरले. "हे हासून झालेले नाई," ती म्हणाली. "मानूस हासला की हात एकाच अंगाले दाबते, म्हून पापड त्या बाजूनं पातय पडते. हे चारी बाजूनं सारखे जाड हाय. हे चोट्टेपनानं केले." मग तिघींना तिनं त्या पंधरा पापडांचा गोळा करून पुन्हा कुटायला बसवलं.

आठ दिवसांनी मला कुरिअरनं डबा आला. आत एक्केचाळीस पापड. सगळे गोल. ताटली ठेवून कापल्यासारखे गोल. चिठ्ठी नव्हती आणि तिची गरजही नव्हती. बायको एकेक पापड हातात घेऊन म्हणत होती, "किती सुंदर आलेत रे!" आणि मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

गावी गेलो तेव्हा सरळ विचारलं, "मावशी, एकही नाई?"

"एकही नाई, बाबू."

"काऊन पन?"

"तुह्या गच्चीवर सगये जन रिकामे. कोनाच्याच हाताले काम नाई. नुसते उभे राहून हासवाची वाट पाहून राह्यले. अरे, मानूस कामात असला की फसते, आन् फसला की हासू येते. त्या शिपायाले लपाचं काम होतं. साहेबाले डबा खायाचं काम होतं. तुह्यावाल्याइले काय काम हाय?"

मला राग आला. आमच्या बैठकीला दहा जण बसतात, त्यातल्या एकालाही हे सुचलं नव्हतं, आणि मला तर नव्हतंच नव्हतं, म्हणून जास्तच आला. मग ती म्हणाली, "आता तूही रिकामा बसू नको. लाट्या कर." मी लाट्या केल्या.

त्यानंतर मी आणखी तीन कार्यक्रम लिहिले. लोक म्हणाले छान, चॅनेल म्हणालं छान. दर उन्हाळ्यात डबा आला, आणि दर डब्यात पापड गोल निघाले. चार वर्षं आमच्या घरी पापड विकत आणावे लागले नाहीत. पाहुणे त्यांची तोंडभरून तारीफ करायचे आणि मी माझ्या पानातला पापडही त्यांच्याकडेच सरकवायचो.

मागच्या वर्षी मी एक प्रहसन लिहिलं. लग्नघर. आचाऱ्याच्या हातून नवरदेवाची अंगठी बुंदीत पडली आहे आणि लाडू तर वळून झाले आहेत. पंगत बसली आहे. कुणाला कळू न देता अंगठी शोधायची, म्हणून वाढपी लाडवाचा आग्रह तर करतात, पण प्रत्येक पाहुण्याच्या जबड्याकडे पाहत विनवतात, "सावकाश चावा हो, सावकाश." एकही माणूस रिकामा नव्हता. मी स्वतः दोनदा तपासलं.

ते मे महिन्यात लागलं. पण तोवर मावशीचे हात थरथरायला लागले होते. मंदावहिनीनं तिचं लाटणं काढून घेतलं होतं आणि पोळपाट फळीवर चढवला होता. चौघींच्या तिघी झाल्या होत्या आणि निकाल बंद पडला होता. मी फोन केला.

"पाह्यलं का, मावशी?"

"हाव. पाह्यलं."

"मंग? कसं होतं?"

"फोनवर तोंड बोलते, बाबू," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

श्रावणात ती गेली. मी तिसऱ्या दिवशी पोचलो. माजघरात बायका बसल्या होत्या, टीव्हीवर चादर टाकलेली होती. मला फार रडू आलं. आणि खरं सांगायचं तर, रडताना मनात कुठेतरी ही हळहळही होती की आपला निकाल राहून गेला. त्याची मला लाजही वाटत होती.

जरा वेळानं मंदावहिनीनं आतून एक छोटा डबा आणला. "तुमच्या नावानं ठेवला व्हता, गजूभाऊ. कुरिअर करू नोको, आला की हातात दे, म्हने." त्या दुपारी लग्नघराचा कार्यक्रम चालू असताना मावशी हट्टालाच पेटली होती, एकच लाटी दे म्हणून. वहिनीनं पोळपाट खाली काढून दिला, पण लाटताना तिच्याकडे पाहायचं राहून गेलं, कारण वहिनी स्वतःच हसत होती.

डब्यात एकच पापड होता. वाकडा, शेपटीवाला, आणि मधोमध फाटलेला.

माझ्या छातीत आनंदाची अशी कळ आली की विचारू नका. मग लगेच शंका आली. मी म्हणालो, "पन हात थरथरत होते ना तिचे. थरथरत्या हाताचा वाकडाच येनार."

शांताकाकूंनी डोळे पुसले, पापड माझ्या हातातून घेतला आणि खिडकीशी गेल्या. त्यांच्यामागे आई गेली, वहिनी गेली, मीही गेलो. सुतकाच्या घरात आम्ही चौघं माना उंचावून एका पापडाकडे पाहत उभे राहिलो.

"थरथरीचा असता तं काठ करवतीवानी झाला असता," आई म्हणाली.

"जरा फिरवा वं. इकडून उजेड येऊन राह्यला," वहिनी म्हणाली.

शांताकाकूंनी पापड फिरवला. तीन बाजूंनी तो चांगला जाड होता. चौथ्या बाजूनं इतका पातळ की पलीकडची त्यांची बोटं दिसत होती.

"हासली वं!" शांताकाकू ओरडल्या. "हासली!"

आणि आम्ही चौघंही डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. समाचाराला आलेली दोन माणसं उंबऱ्यातच थबकली आणि घर चुकलं की काय म्हणून मागे वळून पाहू लागली.

निघताना मी डबा हातात घेतला आणि थांबलो. वाकडे पापड त्या घरातून बाहेर जात नसत. मी मंदावहिनीला विचारलं, "नेऊ का?"

"न्या ना," ती म्हणाली. "तुमी काय पाहुने हाय का?"