होडीवरचा अंगठा

बाबा गेल्यापासून पडून असलेली त्यांची शिडाची होडी खाडीकाठी उपडी घालून मी तिचा रंग खरवडत होतो. निळ्याखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली तांबडा. दर नारळी पौर्णिमेआधी बाबा जुन्यावरच नवा रंग चढवायचे. खरवडायचा धीर त्यांना नव्हता, वाळू द्यायचा तर नव्हताच. होडीच्या नाकापाशी प्रत्येक थरात त्यांचा अंगठा उमटलेला होता. रंग वाळला का, हे पाहायला टेकवलेला.

मी हातातला खरवडायचा पत्रा तसाच धरून बसलो.

"सगळो काढ," आमचे तात्या सुतार म्हणाले. "जुनो रवलो तर नवो धरूचो नाय."

तात्यांनी सहा फळ्या बदलल्या होत्या, डोलकाठी नवी तासून ठेवली होती, शीड मी नवं शिवून आणलं होतं. मग बाबांचं म्हणून उरलं होतं काय? हे पापुद्रेच. आणि तेच मी काढत होतो, त्यांची होडी टिकावी म्हणून. यात काहीतरी चुकतंय असं वाटत होतं; काय, ते समजत नव्हतं. शेवटी सगळं खरवडलं.

परवा निळा रंग दिला. काल सकाळी वाळला का पाहायला गेलो. तात्या हसले तेव्हा लक्षात आलं, माझा अंगठा होडीच्या नाकापाशी ओल्या रंगात रुतला होता.

"वरसून एक हात मारू?" त्यांनी विचारलं.

ब्रश बुडवून ते माझ्याकडे बघत राहिले. मी अंगठ्याला लागलेला निळा रंग बोटांनी चोळत राहिलो.