दोन भोकं पाडलेला भोपळा

मखमलाबादच्या मळ्यांत झुंबरबाईइतकी जपून चालणारी बाई दुसरी नव्हती. जन्मात कधी दुधानं पोळली नाही, तरी ताक फुंकूनच प्यायची. अर्ध्या वाफ्यात शेवंती लावली की अर्ध्यात मेथी. एक गेलं तर दुसरं हाताशी. धाकटी जाऊ रूपाली नेमकी उलटी. सगळ्या रानात शेवंतीच लावायची, आणि पहाटे लुनाला फुलांची पाटी बांधून एकटीच पंचवटीच्या बाजाराला निघायची. शहाण्णव साल ते. तेव्हा बाया लुनावर बसत, पण मागे.

हेही झुंबरबाईनं गिळलं असतं. पण तिची मनीषा, नऊ वर्षांची, काकूच्या मागे मांजरीसारखी फिरायला लागली, ते काही गळ्याखाली उतरेना. काकू तिला विहिरीत पोहायला शिकवत होती. पाठीला सुका, पोकळ भोपळा बांधायचा आणि काठावरून उडी टाकायची. भोपळा बुडू देत नाही. जेवताना पोरगी घासागणिक सांगायची, काकू म्हणते, भीती पाण्यात नसते, काठावर असते. झुंबरबाई चुलीशी पुटपुटायची, भाकरी माझी अन् गोडवे तिचे.

एके दुपारी तिनं पोती शिवायचं दाभण घेतलं आणि भोपळ्याला देठापाशी दोन भोकं पाडली. मनातला बेत साधाच होता. काकू जवळ असतेच. पोरीच्या नाकातोंडात जरा पाणी जाईल, घाबरेल, आणि आईच्या पदराखाली परत येईल. जन्मभर जपून चाललेल्या बाईनं एवढी मोठी जोखीम उचलली, आणि तिला ती जोखीम वाटलीसुद्धा नाही. जळणाऱ्या माणसाला सगळं पाणी गुडघाभरच दिसतं.

दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना रूपालीची लुना पंक्चर झाली. मनीषानं थोडी वाट पाहिली, मग स्वतःच भोपळा बांधून घेतला. मेथी उपटणाऱ्या झुंबरबाईला धप्प आवाज आला. धावत काठावर येऊन बघते तर पोरगी एकटी पाण्यात, भोपळ्यातून बुडबुडे निघतायत, आणि हिला स्वतःला पोहता येत नाही.  पोरगी एकदा खाली गेली, वर आली, आणि हात मारत मारत कशीबशी पायऱ्यांना लागली.

तेवढ्यात रूपाली लुना ढकलत आली. तिनं पोरीच्या पाठीचा भोपळा सोडून हलवला. आत पाणी डुचमळलं. भोकांवर तिचं बोट जरा थांबलं.

"बाई," ती जावेकडं बघत म्हणाली, "पोरगी भोपळ्यावाचून पोहली."

मनीषा ओल्या अंगानं काकूलाच बिलगली. एवढं होऊनही झुंबरबाई पुन्हा जळलीच, आता ह्याला काय म्हणावं.

सकाळी ती पदर खोचून विहिरीवर गेली आणि मलाही शिकव म्हणाली.  रूपालीनं नवा भोपळा आणला, जावेच्या पाठीला आवळून बांधला.

"ह्याला भोक नाय, बाई. हात लावून बघा."

मनीषा आधीच पाण्यात होती. "आई, काठाकडं नको बघू," ती म्हणाली, "माझ्याकडं बघ."

झुंबरबाईचा हात पाठीमागं गेला, अर्ध्यातच थांबला. मग तिनं त्याच हातानं नाक दाबलं आणि भोपळा न तपासताच उडी टाकली.