रस्ता न पाहिलेले बूट

तुळजापुरात चपला-बुटांचं दुकान चालवून मला आता तीस वर्षं झाली. गिऱ्हाईक पायरी चढत असतानाच त्याच्या पायाचा नंबर मी मनात ठरवलेला असतो. चुकत नाही. कधी चुकलोच तर तुमचा पाय सुजलाय म्हणून मोकळा होतो. दहा जोड खाली उतरवून "बघून येतो" म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे, आणि तो मी लपवतही नाही.

तामलवाडीच्या शांताक्का दिवाळीनंतर दुकानात आल्या तेव्हा माझं डोकं असंच तापलेलं होतं. अक्का माझ्या आत्याच्या शेजारच्या. वय साठीच्या पुढं, अंगावर इरकली लुगडं, कपाळावर विभूती.

"शिवकुमार, गमबूट दाखव. पण कुणी पायात घालून बघितलेला जोड नको. रस्ता न बघितलेला पायजे."

"अक्का, गमबूट हाय तो, देवघरात ठिवायचाय का?"

"शेतात घालायचाय. देवघरच हाय ते."

अक्का जन्मात कधी चप्पल घालून रानात शिरल्या नाहीत. चपला बांधावर काढायच्या आणि मगच काळ्या मातीत पाय ठेवायचा. आमच्याकडं अजून पुष्कळ म्हातारी माणसं हे पाळतात. अक्कांनी त्यातून स्वतःपुरती वाट काढली होती. ज्या बुटानं रस्ता, शेण, बाजार काहीच तुडवलं नाही, तो बूट मातीला चालेल.

त्यांना बूट लागावा, ही गोष्टच मला पटत नव्हती. तामलवाडीत अक्कांसारखं पाणी धरणारं माणूस दुसरं नाही. विहिरीचं पाणी उपसताना कोमट असतं, पण पाटातून गव्हाच्या वाफ्यात पोचेपर्यंत ते गारठून जातं. सकाळी सहाला मोटर चालू झाली की अक्का लुगडं खोचून खोरं घेऊन त्या चिखलात उभ्या. एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीनं बुजवायचं आणि पुढच्याचं मोडायचं. घाई झाली तर वाफ्याचं टोक कोरडं राहतं, उशीर झाला तर बांध फुटतो. बाकीचे लोक वाकून वाकून टोकाकडं बघतात. अक्का पाठ करून उभ्या असायच्या. "पायाला कळतंय," म्हणायच्या. पाणी टोकाला लागलं की तळव्याखालची माती सैल पडते म्हणे. आजवर त्यांच्या हातून एक वाफा उपाशी राहिलेला कुणी पाहिला नव्हता.

पण अक्कांना साखर होती. मागच्या थंडीत टाचेला पडलेली चीर बुजायला तीन महिने लागले. डॉक्टरांनी बजावलं, यंदा पाय चिखलात भिजला आणि पुन्हा फुटला, तर बोटावर बेतेल. मुलगा विरेश म्हणाला, पाण्याला गडी लावू, आई, तू आता घरी बस. अक्का बसायला तयार नव्हत्या. त्यांना हा एक हिवाळा बूट घालून पार पाडून दाखवायचा होता. नाहीतर खोरं कायमचं कोपऱ्यात गेलं असतं.

मी न उघडलेल्या खोक्यांतला एक जोड काढला. हाताला पहिला सातचाच लागला. अक्कांचा पाय पाचचा, हे मला पायरीवरच कळलेलं. म्हटलं, आधी हा घालून बघू दे, सैल म्हणाल्या की पाचचा काढतो. त्यांनी फरशीवर वर्तमानपत्र पसरलं, बूट चढवले आणि त्यावरच दोन पावलं मागं-पुढं टाकली.

"बरोबर बसला."

"कुठं बोचतंय का?"

"न्हाय. झ्याक हाय."

माझं डोकं फिरलं. पाचचा पाय सातमध्ये बरोबर बसतो? तीस वर्षं मी काय माशा मारल्या? बूट काढायला लावले आणि उजव्यात हात घातला. कारखान्यात कोंबलेला कागदाचा बोळा तसाच पुढं होता, दगडासारखा घट्ट. दुसऱ्या कुणीही ओरडून पाय काढला असता.

मी बोळा काढून त्यांच्यासमोर ठेवला. अक्कांनी मान खाली घातली.

"कधीपासनं?"

"दोन वर्षं झाली. उजव्या तळव्याला कायच कळत न्हाय. डाव्यालाबी कमीच."

"आन् डॉक्टरला? घरी?"

"सांगितलं तर खोरं हातात ऱ्हाईल का रं?"

"मग दोन वर्षं पाणी कसं धरताव तुमी?"

"दांड्यानं," अक्का म्हणाल्या. "खोरं मातीत रोवायचं आन् दांडा मुठीत धरायचा. पाणी टोकाला लागलं की खोरं सैल पडतंय. तळव्यानं सोडलं, म्हणून म्या हाताला शिकिवलं."

साठीच्या वयात, कुणाला पत्ता लागू न देता, या बाईनं आपली विद्या पायातून हातात आणली होती. मला आपलं नजरेनं नंबर सांगण्याचं कौतुक! खरंच लाज वाटली. आणि लाज वाटली की मी ओरडतो. पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा ओरडलो. बुटात काटा गेला, खडा गेला, दिवसभर तुम्ही त्यावर उभ्या राहाल, संध्याकाळी बोट गेलेलं असेल. घरात एकाला तरी सांगा, नाहीतर मी बूट विकत नाही.

"सांगते," अक्का हळूच म्हणाल्या. "सुनंला सांगते."

मग मी नीट बूट निवडले. पाचचा नाही, सहाचा, म्हणजे आत लोकरीचा मोजा मावेल आणि बोटं आवळणार नाहीत. पोटरीच्या खालीच थांबणारा, म्हणजे लुगड्यात अडकणार नाही. तळाच्या खाचा खोल पण लांब-लांब, कारण दाट खाचांत आपली काळी माती भरली की पाय उचलत नाही. टाच घट्ट, नाहीतर चिखल बूट ठेवून घेतो. आत जाड अस्तर नको, भिजलं तर थंडीत वाळत नाही. प्रत्येक बुटात मी कोपरापर्यंत हात घालून पाहिला. अक्का खोकं छातीशी धरून एसटीत बसल्या.

खरं सांगायचं तर त्या घरी सांगतील असं मला वाटलं नव्हतं.

महिन्याभरानं येळवस आली. त्या अमावस्येला आमच्याकडं सगळं गाव रानात जेवतं, आणि अक्कांचं बोलावणं होतं. रानात उभारलेल्या कडब्याच्या कोपीत पूजा झाली, भज्जी-आंबील पोटभर झाली. कोपीच्या बाजूला खोऱ्याशेजारी बूट उभे होते, धुऊन पुसून लख्ख.

जेवणानंतर अक्का राहिलेला वाफा भिजवायला उठल्या. मोजे घातलेले पाय बुटाकडं नेणार तोच त्यांची सून शिवप्रिया पुढं झाली. "थांबा आत्या," म्हणाली. दोन्ही बूट उलटे करून आपटले, उजव्यात हात घातला आणि हरभऱ्याएवढा एक टोकदार खडा बाहेर काढला.

तो तिनं फेकला नाही. कोपीच्या कडेला एका सपाट दगडावर नेऊन ठेवला. तिथं आधीचे सात खडे आणि बाभळीचे दोन काटे ओळीनं मांडलेले होते.

"समदे त्या बुटातनं निघाल्यात," अक्का मला म्हणाल्या. "सोन्यावानी जपतीया येडी."

शिवप्रियानं बूट त्यांच्या पायात चढवले. अक्का खोरं घेऊन वाफ्यात उतरल्या, पाण्याकडं पाठ केली आणि दांडा मुठीत धरून उभ्या राहिल्या. मी त्या दगडावरचे खडे पुन्हा एकदा मोजले.