गाडीचा श्वास

रविवारी नवरा सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीचं बॉनेट उघडून वाकला होता आणि मी शेजारी टॉर्च धरून उभी होते. इंजिनाला हवा पुरवणारं काळं, बंद खोकं काढून त्याने तिथे चकचकीत पाइप आणि लाल फिल्टर बसवला.

“बिचारी इतकी वर्षं गरम हवा ओढत होती गं. आता थंड, मोकळी हवा मिळेल तिला.”

‘तिला’ म्हणताना किती हळवा झाला त्याचा आवाज!

गाडीच्या मागे शेजाऱ्यांची गाडी आडवी लावलेली होती आणि ते किल्ली घेऊन गावी गेलेले. म्हणजे ही मोकळा श्वास घेणार, पण जागच्या जागी. मला हसू यायला हवं होतं. उलट ती गाडी फार ओळखीची वाटली. न बोलताही तिचा कोंडमारा कुणाला तरी कळला, एवढाच काय तो फरक.

मी वर आले. कबुतरं येतात म्हणून स्वयंपाकघराच्या एकुलत्या एका खिडकीला त्याने पत्रा ठोकलाय. तिथे बसवायचा पंखा अजून माळ्यावरच आहे. फोडणीत मिरच्या टाकल्या आणि धूर घरभर कोंडला.

तेवढ्यात खालून गाडीची घरघर आणि त्याची हाक आली, “अगं, ऐकतेस ना? कसा श्वास घेतेय बघ!”

ठसक्यामुळे मला हो म्हणता येईना.