अवीच्या डाव्या कानाने ऐकलेली हाक

आधीच सांगते, या सदरातले अनुभव मी आजवर निव्वळ हसण्यासाठी वाचत आले. पांढरी साडी, उलटे पाय, गायब झालेला लिफ्टमन... वाचायचं आणि नवऱ्याला रंगवून सांगायचं, हा माझा सुट्टीचा टाइमपास. आता मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर तो समोर बसून गालातल्या गालात हसतोय. हसू दे.

मूळ प्लॅन नाशिकचा होता. माझ्या ऑफिसातल्या प्रत्येकीचा धरणाकाठी, द्राक्षांच्या मळ्यात, हातात वाइनचा ग्लास घेतलेला फोटो आहे. मलाही तस्साच हवा होता! पण आयत्या वेळी सगळीकडे बुकिंग फुल्ल. मी तोंड पाडून बसले तर अवी म्हणाला, "नागावला चल. तळं आहे, माडी आहे. माडी म्हणजे नारळाची वाइनच की!" मग काय, लेकीला माझ्या आईकडे सोडलं आणि आम्ही दोघं भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये. इतक्या वर्षांनी दोघंच बाहेर पडलो होतो, मी कॉलेजातल्या पोरीसारखी खूश होते.

अवीबद्दल एक सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि त्याचा डावा कान बंद झाला तो झालाच. "नस गेली, आता काही होणार नाही," असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. उजव्यानेही कमी ऐकू येतं, त्यात मशीन घालतो. तोही किती दिवस साथ देईल याचा भरवसा नाही. अहो, गप्पांमध्ये हा माणूस राजा होता! आता सगळे हसले की मागून हसतो. मला ते बघवत नाही.

आमचा होमस्टे नंदाताईंचा. समुद्राकडे न वळता आतल्या गल्लीने गेलं की नारळी-पोफळीची वाडी, मधोमध दगडी पायऱ्यांचं छोटंसं तळं, तळ्यावर झुकलेला एक उंच माड आणि समोरच आमच्या खोलीची पडवी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीत केस विंचरत होते, तेवढ्यात पलीकडच्या माडाखालून खणखणीत आवाज आला — "होऽऽ! माडावर चढतोय होऽऽ!"

मी दचकले. नंदाताई हसायला लागल्या.

"आमचा गजादादा हाय. माडी काढतो. वरनं समद्यांची आंगनं, न्हान्या दिसतात ना! बायकामानसांनी सावध व्हावं म्हनून पयली हाक द्यायची, मंग चढायचं. रीतच हाय ती."

किती छान रीत! मी अवीला विचारलं, "ऐकलीस हाक?" मशीन कानात होतं, तरी त्याला काही कळलं नव्हतं.

गजादादाने ताज्या माडीचा जग आणून दिला. "आता गोड हाय, वैनी. दुपारपातूर चढंल." आमची वाइन टेस्टिंग झाली सुरू! अर्धा ग्लास माझ्या पोटात जातो न जातो तोच अवी तळ्यात डुंबून आला आणि माझ्या वरच्या पायरीवर उन्हात बसला. मशीन खोलीत, डबीत. म्हणजे त्या वेळी त्याच्याशी बोलायचं तर हातवारेच करावे लागत होते. मी सगळ्यात खालच्या पायरीवर, पाय पाण्यात, ग्लास उन्हात धरून फोटो जमवत होते. फोटो मस्त येत होता!

अचानक अवी ताठ झाला. मान डावीकडे वर वळवली आणि मोठ्याने म्हणाला, "हो हो, उठवतो." आणि माझा दंड धरून मला असं खेचलं की ग्लास तळ्यात गेला. मी भडकले. तो ऐकतोय कुठे? मला ओढत थेट पडवीत.

आणि मागे धाडकन आवाज... नारळांची आख्खी पेंड, भला थोरला घडच, त्या झुकलेल्या माडावरून खाली आली होती, बरोब्बर माझ्या पायरीवर.

अवीने मशीन लावलं, तेव्हा मी विचारलं, "तुला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? तो गजादादा वरून ओरडला की! ‘ओ दादा, वैनीला उठवा तिथनं.’ तू ऐकलं नाहीस?"

मी? मी काही म्हणजे काही ऐकलं नव्हतं. माझे कान एकदम ठणठणीत आहेत. माडावर चिटपाखरू नव्हतं.

मग अवीचा हात हळूहळू डाव्या कानाकडे गेला. "अगं... या कानाने ऐकलं मी."

थोड्या वेळाने गजादादा सायकलवरून आला, तो बाजारात गेला होता. "मी न्हाय वो! ह्या माडाची माडी मी काढतच न्हाय. बघा, खाच हाय का कुठं?" बाकीच्या माडांना चढायला खाचा होत्या, याचं खोड गुळगुळीत. नंदाताईंनी बुंध्याला हळद-कुंकू वाहिलं. मी खोदून विचारलं तर म्हणाल्या, "मला काय ठावं न्हाय. तुम्ही वाचलात ना? मंग झालं."

खरं सांगू? जीव वाचण्यापेक्षा मला कानाचाच आनंद जास्त! नस जागी झाली असणार! मी त्याचं मशीन काढून घेतलं, उजव्या कानावर तळहात दाबला आणि डाव्या कानाशी कुजबुजले, "बटाटा." त्याने डोळे मिटून मन लावून ऐकलं. "परत म्हण." बटाटा. चावी. पगार. "परत म्हण ना..." परतीच्या लाँचमध्येही माझं तेच चालू. लोक बघत होते, बघू देत! मी अवीला दोन वर्षांत इतक्या उत्साहात पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात तपासणी केली. तपासणीच्या आलेखावर डाव्या कानाची रेघ जशी होती तशीच, तळाला. "या कानाने ऐकू येणं शक्य नाही," डॉक्टर म्हणाले. "मेंदू कधीकधी आवाज तयार करतो." करत असेल. पण पेंड पडणार हे मेंदूला कोणी सांगितलं? माडीवर ढकलावं, तर त्याने तोवर ग्लासही उचलला नव्हता.

गाडीत बसल्यावर मला रडूच फुटलं. किती आशा लावून बसले होते मी! अवीने माझे डोळे पुसले. म्हणाला, "रडतेस काय वेडे? दोन वर्षांत या कानाला एकच वाक्य ऐकू आलं, आणि ते तुला वाचवायचं होतं. बाकी नाही आलं तर नाही आलं."