आतोबा आत्याला न्यायला आले तेव्हा

आत्या सासर सोडून आली तेव्हा मी तिसरीत होते. तिला तळा गावात दिलेली. नागावच्या आमच्या वाडीत ती एकटीच चालत शिरली, हातात साधी पिशवीसुद्धा नव्हती. आईने तिला न्हाणीघरात नेलं आणि मला खोबरेलाची वाटी आणायला सांगितली. वाटी घेऊन गेले आणि आत्याची उघडी पाठ दिसली. खांद्यांपासून कंबरेपर्यंत जळत्या लाकडाचे चटके होते. काही काळे पडलेले, काही अजून ओले.

"का मारतात गं ते?" मी विचारलं.

"कारण लागत नाही त्यांना," आत्या म्हणाली.

आजोबांनी ती पाठ पाहिली नाही. "राहू दे थोडे दिवस. राग निवला की जाईल," एवढंच ते म्हणाले. आजी माझ्या जन्माआधीच गेली होती. बाबा अलिबागला कचेरीत कारकून. सकाळी सायकलवरून जात ते दिवेलागणीला परतत. आजोबांपुढे त्यांचाही शब्द चालत नसे. आई तर सासऱ्यांशी बोलतच नसे. काही हवं असलं तर मला सांगायची आणि मी आजोबांना सांगायची.

आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, आले ते भर दुपारी. आई आणि आत्या अंगणात बसून भिजवलेल्या झावळ्यांची झापं विणत होत्या. आजोबा ओटीवर झोपाळ्यावर होते. आतोबांनी त्यांना वाकून नमस्कार केला, गूळपाणी घेतलं, यंदा सुपारी कशी धरलीय त्याची चौकशी केली. मग त्याच गोड आवाजात आत्याला म्हणाले, "ऊठ. चल."

आत्या उठली नाही. "मी येणार नाही."

ते ओटीवरून उतरले आणि त्यांनी तिच्या तोंडात भडकावली. ओठ फुटला, हनुवटीवर रक्त आलं. आजोबा झोपाळ्यावरून उठले. मला वाटलं, आता हे धावतील.

"अंगणात नको," आजोबा म्हणाले. "लोक बघतात."

आतोबांनी आत्याचा अंबाडा मुठीत धरला आणि तिला फाटकाकडे फरफटत न्यायला लागले. तिची ती पाठ जमिनीवर घासत होती. "दादा! दादा!" करून ती बाबांना हाका मारत होती. मी धावले आणि आतोबांच्या मनगटाला कडकडून चावले. तोंडात खारट चव आली, पण मी सोडलं नाही. त्यांनी मला लाथ घातली. मी विहिरीच्या पन्हळीवर जाऊन आपटले आणि माझा श्वासच अडकला.

आईने वाळलेल्या झावळीचा जाड बुंधा उचलला. डोक्यावरचा पदर कधीच खाली आला होता. पहिला फटका आतोबांच्या खांद्यावर बसला. ते वळले. "वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका!" दुसरा कानशिलावर बसला. ते गुडघ्यांवर आले. कान फाटून पांढरा सदरा लाल व्हायला लागला, तरी आई मारतच होती. तोंडाने एक शब्द नाही, नुसते फटके. मला श्वास येत नव्हता, आणि तरी ते रक्त पाहून मला आनंद झाला. इतका आनंद मला सणासुदीलाही झाल्याचं आठवत नाही.

शेवटी आत्यानेच आईला मागून मिठी मारली. "वहिनी, मरतील ते! बास!"

"सूनबाई!" आजोबा ओरडले.

आई धापा टाकत त्यांच्याकडे वळली. "मामंजी, वन्सं इथेच राहतील. नाहीतर मीही जाते, आणि तुमच्या नातीला घेऊन जाते."

आतोबा कान दाबून धरत फाटकाबाहेर पडले. शिव्या देत होते, पण मागे वळले नाहीत.

संध्याकाळी आजोबांनी बाबांना सायकल टेकवूही दिली नाही. "तुझ्या बायकोने जावयावर हात टाकला. तळ्याला ने तिला आणि त्यांच्या पाया पडायला लाव."

बाबांनी आईकडे पाहिलं. मग माझ्याजवळ आले. "कुठे लागलं?" मी झगा वर करून काळीनिळी पडलेली बरगडी दाखवली. त्यांनी झगा हळूच खाली केला.

"कोणी कुठे जाणार नाही," ते आजोबांना म्हणाले.

आजोबा त्यानंतर आईच्या हातचं जेवले नाहीत. आत्याने रांधून वाढलं तर जेवत, पण तिच्याशीही बोलत नसत. आत्या सातवीची फायनल पास होती. बाबांनी तिला अलिबागला मास्तरणीच्या ट्रेनिंगला घातलं आणि पुढे तिला जवळच्याच शाळेत नोकरी लागली. आतोबा परत आले नाहीत. काही वर्षांनी त्यांनी दुसरं लग्न केल्याचं कळलं. बाजारात कुणीतरी आत्याला हसत हसतच सांगितलं होतं. ती घरी आली ती पायरीवरच बसली, चपलाही काढल्या नाहीत. आई पाणी घेऊन बाहेर आली.

"वहिनी," आत्या म्हणाली, "तिच्या माहेरी कोण आहे, कुणास ठाऊक."